भिंतीतील रातकिडा

पालघर तालुक्यातील सालवड हे गाव बोईसरला इतके लागून आहे की, गाव कोठे संपते आणि तारापूरची औद्योगिक वसाहत कोठे सुरू होते, हे नवख्या माणसाला सांगता येत नाही. येथील रात्र कधीच पूर्णपणे निःशब्द नसते. पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर दुचाकींची रांग लागते, टँकर गिअर बदलत वळणे घेतात, कुठल्यातरी कारखान्यात वाफ सुटल्याचा फुत्कार होतो आणि वारा अनुकूल असला तर पश्चिम रेल्वेच्या मालगाडीची घरघरही घरापर्यंत पोहोचते. या साऱ्याची कानांना सवय होते. सवय होत नाही ती एका भलत्याच आवाजाची. मध्यरात्र उलटलेली असते, खिडक्या लावलेल्या असतात, पंखा मंद केलेला असतो, आणि पलंगाच्या उशाशी असलेल्या विजेच्या बोर्डातून एक अतिशय बारीक, तारेसारखा ताणलेला सूर येऊ लागतो.

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. नातू दहा-अकरा वर्षांचा. आजोबा वसाहतीतील विणकामाच्या कारखान्यात तीस वर्षे मागांपुढे उभे राहून निवृत्त झालेले. दोघांची निजण्याची खोली एकच. नातू अंधारात म्हणतो, "आजोबा, भिंतीत रातकिडा शिरलाय." आजोबा उठतात, बॅटरी लावून बोर्डाच्या मागे, कपाटाच्या फटीत पाहतात, कान देऊन ऐकतात. त्यांना काहीच ऐकू येत नाही. "कुठे काय आहे रे? झोप आता. उद्या शाळा आहे." दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री झोपायचे टाळण्याची ही नवी युक्ती असावी, असा निष्कर्ष घरात निघतो आणि मुलाचे म्हणणे कोणी मनावर घेईनासे होते.

आजोबांची स्वतःची एक तक्रार आहे, आणि तिच्याकडेही कोणाचे लक्ष नाही. त्यांचा जुना, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर खरखरू लागला आहे. सकाळच्या मराठी बातम्या लावल्या की, निवेदकाच्या आवाजाखाली एक जाड, रेंगाळणारी घरघर पसरते. सेल बदलून झाले. ओळखीच्या दुकानदाराने संच उघडून पाहिला आणि 'यात दोष नाही' असे सांगून परत केला. सून म्हणते, "बाबा, मोबाइलवर ऐका ना बातम्या, लावून देऊ का?" नातवाला तर ती घरघर म्हणजे रेडिओचा स्वभावच वाटतो.

या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्या घरात कोणाच्या मनातही आलेले नसते. तो संबंध लक्षात येतो वीज गेल्यावर. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी येथून काही किलोमीटरवर समुद्रकाठी कार्यान्वित झाले, तरी जूनच्या पहिल्या वादळात तारा तुटायच्या त्या तुटतातच. अशा एका रात्री पंखा थांबतो, अंधार होतो, आणि नातू म्हणतो, "गप्प झाला!" आजोबा हवामानाची बातमी ऐकण्यासाठी ट्रान्झिस्टर लावतात, तर तो कित्येक महिन्यांत लागला नव्हता इतका स्वच्छ लागतो. तासाभराने वीज परत येते. त्याच क्षणी रातकिडाही परत येतो आणि रेडिओतील घरघरही.

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला ५० आवर्तने करते. फोनला हवी असते ती पाच-दहा व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. पूर्वी हे काम लोखंडी पत्र्यांचा गाभा असलेला ट्रान्सफॉर्मर करीत असे. टेपरेकॉर्डरचा तो जुना, ओबडधोबड आणि जड अ‍ॅडॉप्टर ज्यांनी हाताळला असेल त्यांना त्याचे वजन आठवेल. त्याचाही आवाज येई, पण तो खर्जातला असे. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या डीपीचा जो घुमणारा हुंकार असतो, तोच लहान प्रमाणावर. लोखंडात चुंबकत्व आले की ते किंचित आकार बदलते, हे इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी १८४२ मध्ये प्रयोगाने पाहिले होते. हा बदल लाखात एखाद्या भागाइतका सूक्ष्म असतो. पण प्रत्येक आवर्तनात तो दोनदा घडतो. म्हणून ५० आवर्तनांच्या विजेवरील डीपी १०० हर्ट्झच्या सुरात गुणगुणते.

आजचा चार्जर हे काम अगदी वेगळ्या रीतीने करतो. तो आधी भिंतीतील विजेला एकदिश करून सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत नेतो आणि मग एका इवल्याशा इलेक्ट्रॉनिक खटक्याने तिचे तुकडे पाडतो. हा खटका सेकंदाला साठ हजार, कधी लाखभर वेळा चालू-बंद होतो. ठोका जितका जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. पाव किलोचा अ‍ॅडॉप्टर आगपेटीएवढा झाला तो या एका युक्तीमुळे. माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. तेव्हा साठ हजारांचा हा ठोका कोणालाच ऐकू येऊ नये, आणि फोन भुकेला असताना, म्हणजे चार्जर पूर्ण भाराने काम करीत असताना, तो सहसा येतही नाही.

सूर उमटतो तो फोनचे पोट भरल्यावर, किंवा फोन काढून घेतल्यावर चार्जर नुसताच बोर्डात राहतो तेव्हा. आता द्यायला फारसे काही उरलेले नसते. मग वीज वाचवण्यासाठी चार्जर सतत ठोके देण्याचे सोडून देतो. थोडे ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा थोडे ठोके, असा त्याचा क्रम सुरू होतो. ठोक्यांचे हे झुबके सेकंदाला कधी काही शे, तर कधी काही हजार वेळा येतात आणि नेमके ऐकण्याच्या टापूत उतरतात. त्यांच्या तालावर फेराइटच्या गाभ्याचे दोन अर्धे भाग एकमेकांकडे ओढले जातात आणि सुटतात, सैल राहिलेला तारेचा वेढा थरथरतो. चिनीमातीच्या जातीचे छोटे कपॅसिटरही फुगतात आणि आकसतात. विशिष्ट स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो, हे पियरे आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते; विद्युतभार दिला की स्फटिक हलतो, ही त्याची उलट बाजू पुढल्याच वर्षी सिद्ध झाली. कपॅसिटरची ती हालचाल ज्या पट्टीवर तो जडवलेला असतो तिला हलवते, आणि ती पट्टी सतारीच्या तबलीसारखी सूर मोठा करते. चांगला कारखानदार गुंडाळी वार्निशमध्ये बुडवतो, गाभा चिकटवून पक्का बसवतो. जेथे ही दोन कामे वगळली जातात तेथे रातकिडा जन्माला येतो. चार्जर जुना झाला, उष्णतेने आतला चिकट पदार्थ सुकला, तरी तो नव्याने गाऊ लागतो.

यात एक गंमत आहे. ही विश्रांतीची पद्धत जगाने मागून घेतलेली आहे. उपकरणे बंद असतानाही वीज पितात, हे लक्षात आल्यावर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने अशा रिकाम्या खपासाठी एक वॅटचे उद्दिष्ट पुढे ठेवले. आज चांगल्या चार्जरची ही रिकामी भूक एक दशांश वॅटहूनही कमी असते. असा चार्जर वर्षभर बोर्डात राहिला, तरी मीटरवर पुरता एक युनिटदेखील चढत नाही. 'चार्जर काढा, बिल वाढते' असे बजावणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मुद्दा म्हणूनच आता तितकासा खरा राहिलेला नाही. बटण बंद करण्याची कारणे वेगळी आहेत; ती पुढे येतील.

मग नातवाला जे ऐकू येते ते आजोबांना का येत नाही? वय हे एक कारण. कानाच्या आतील शंखाकृती भागात सूक्ष्म केसांसारख्या पेशींची रांग असते आणि उंच स्वर टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात. त्या आधी झिजतात. साठी ओलांडलेल्या बहुतेकांना अतिउंच सूर ऐकू येत नाहीत, आणि गंमत म्हणजे ते येत नाहीत हे त्यांना कळतही नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचातून १५,६२५ हर्ट्झची एक अखंड शिट्टी येत असे, कारण ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा रेखाटले जाई. शेजाऱ्यांचा संच चालू आहे की नाही, हे त्या वेळची मुले जिन्यातूनच, आवाज बंद असला तरी, ओळखत. मोठ्यांना त्याचे नवल वाटे. ती मुले आज पन्नाशीत आहेत आणि त्यांनाही ती शिट्टी आता ऐकू येणार नाही.

वेल्समधील हॉवर्ड स्टेपलटन यांनी तर या फरकाचा व्यवसायच केला. दुकानांसमोर घोळका करणाऱ्या तरुणांना हटवण्यासाठी त्यांनी २००५ मध्ये एक यंत्र तयार केले. त्यातून निघणारा सुमारे १७ हजार हर्ट्झचा सूर तरुणांना असह्य होई आणि प्रौढ गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताही नसे. विद्यार्थ्यांनी मग त्याच जातीचा सूर फोनची घंटी म्हणून वापरायला सुरुवात केली. वर्गात फोन वाजे आणि शिक्षकांना कळत नसे. या शोधाला २००६ मध्ये विनोदी संशोधनाचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांचा जय झाला असे म्हणायला हरकत नाही.

सालवडसारख्या ठिकाणी मात्र वय हे एकमेव कारण धरून चालत नाही. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचे कान सर्वांत आधी जातात ते सुमारे ४,००० हर्ट्झच्या आसपास. बोलणे बरेचसे ऐकू येते, हाक ऐकू येते, त्यामुळे माणूस स्वतःला ठणठणीत समजतो. जातात ते बारीक आवाज: स, श, फ यांतील फरक, प्रेशर कुकरची सुरुवातीची सुरसुर, लहान मुलाचे कुजबुजणे, आणि रातकिडा. रानातील रातकिड्याचा सूर चार ते पाच हजार हर्ट्झचा असतो. मागांच्या खडखडाटात तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या श्रवणात नेमके तेथेच खिंडार पडलेले असण्याचा संभव फार. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ज्या व्यावसायिक रोगांची नोंद करणे बंधनकारक होते, त्यांची एक अनुसूची होती. मोठ्या आवाजामुळे येणारे बहिरेपण तिच्यात नोंदलेले होते. कायद्यात जागा असली तरी घरात तिला 'वयोमानानुसार' एवढाच शब्द मिळतो.

आता आजोबांच्या घरघरीकडे वळू. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हापासून या किनाऱ्याचा आणि मीडियम वेव्हचा संबंध आहे. एफएमच्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या टप्प्यापर्यंतच जातात. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला आणि समुद्राला धरून दूरवर पसरतात. मासेमारीला निघण्याआधी हवामान ऐकणाऱ्या किनाऱ्यावरील घरांना त्यांचाच आधार असे. पूर्वीचे 'मुंबई ब', म्हणजे अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झवर लागते, हा आकडा जुन्या श्रोत्यांना पाठ असतो. समजा, एखाद्या चार्जरचा खटका सेकंदाला ६२ हजार वेळा चालतो. त्या तीक्ष्ण ठोक्यातून ६२ च्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अनेक लहरी आपोआप निघतात, आणि नऊ पट म्हणजे बरोबर ५५८. खटका इतक्या काटेकोर आकड्यावर सहसा स्थिर नसतो. तो थोडा मागेपुढे सरकतो, आणि म्हणूनच शिट्टीऐवजी रुंद घरघर ऐकू येते. चार्जर स्वतः एवढासा असला तरी घरभर पसरलेली वायरिंग त्याच्यासाठी अँटेनाचे काम करते. मीटर एका जागी असलेल्या इमारतीत तर पहिल्या मजल्यावरचा चार्जर तिसऱ्या मजल्यावरचा रेडिओ बिघडवू शकतो, आणि दोन्ही घरांना त्याचा थांग लागत नाही.

चार्जरच्या तोंडाशी एक छोटी गाळणी बसवली की हा उपद्रव पुष्कळच आटोक्यात येतो. एक दुहेरी गुंडाळी, एक-दोन कपॅसिटर, एवढीच तिची सामग्री. घरच्या रेडिओला उपकरणांपासून संरक्षण मिळावे यासाठी १९३४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि १५० किलोहर्ट्झपासून वर तारेतून किती गोंगाट सोडावा याच्या मर्यादा तिने पुढे घालून दिल्या. सगळा मीडियम वेव्ह या मर्यादांच्या कक्षेत येतो. स्वस्त बनावट चार्जरमध्ये सर्वांत आधी गाळली जाते ती ही गाळणीच. ती नसली तरी फोन चार्ज होतो, आणि गिऱ्हाइकाने पाहिलेले असते तेवढेच. त्यानंतर गाळले जाते ते याहून महत्त्वाचे: भिंतीच्या बाजूची वीज आणि फोनच्या बाजूची वीज यांच्यामध्ये सोडलेली काही मिलिमीटरची मोकळी जागा, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेढ्यांमधील भक्कम आवरण, आणि या दोन बाजूंना जोडणारा खास सुरक्षित जातीचा कपॅसिटर. धातूच्या पाठीचा फोन चार्ज होत असताना बोटांना किंचित मुंग्या आल्यासारखे वाटते, ते याच कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या नगण्य विजेमुळे. चांगल्या चार्जरमध्ये त्यात धोका नसतो. त्याच्या जागी साधा कपॅसिटर बसवलेला असेल आणि तो फुटला, तर मात्र हातातल्या फोनपर्यंत भिंतीतील वीज पोहोचते.

बनावट चार्जरचा हा गोंगाट फोनच्या पडद्यालाही भोवतो. चार्जिंगला लावलेला असतानाच पडदा वेड्यासारखा वागतो, बोट न लावता अक्षरे उमटतात, एक चिन्ह दाबले तर दुसरे उघडते. अनेक घरांत याचा दोष फोनला दिला जातो आणि नवा फोन येतो. चार्जर मात्र जुनाच राहतो.

या उपद्रवाशी महाराष्ट्रात अगदी निराळ्या पातळीवर झगडा चालतो तो सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली तेथील रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे. शहरांच्या रेडिओ-गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला असलेली जागा म्हणून हा परिसर निवडला गेला. तेथे येणारे आकाशातील संकेत इतके क्षीण असतात की, चंद्रावर एखादा मोबाइल फोन ठेवला तर तो आकाशातील अत्यंत तेजस्वी रेडिओ-स्रोतांमध्ये गणला जाईल. साहजिकच दुर्बिणीजवळ फोन बंद ठेवावे लागतात, वेधशाळेची स्वतःची इलेक्ट्रॉनिक यंत्रे धातूच्या आवरणाच्या खोल्यांत कोंडून ठेवावी लागतात आणि आसपासच्या वीजवाहिन्यांवर एखाद्या सैल सांध्यात ठिणग्या पडत असतील, तर तो खांब शोधून दुरुस्त करून घ्यावा लागतो. पुणे-नाशिक अतिजलद रेल्वेच्या मार्गाचा फेरविचारही या दुर्बिणीच्या शांततेसाठी झाला. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला संकेत आणि आजोबांच्या सकाळच्या बातम्या यांना होणारा त्रास एकाच कुळातला आहे.

खोडदचे अभियंते शोध घेतात त्याच रीतीने घरातील रातकिडाही शोधता येतो, आणि त्यासाठी लागणारे यंत्र आजोबांच्याच हाती असते. ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा रिकाम्या जागी लावावा आणि हातात धरून घरभर फिरावे. दोषी वस्तूजवळ घरघर वाढते. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची एक कांडी असते. संच फिरवला की एका दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होतो, त्यावरून स्रोताचा रोख कळतो. मग एकेक बटण बंद करीत जावे. या फेरीत नाना गोष्टी उघड होतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यांवर असताना कुरकुरतो आणि पूर्ण वेगावर गप्प होतो. स्वस्त एलईडी बल्ब म्हणजे मुळात काचेत बसवलेला चार्जरच असतो. वीज गेल्यावर शेजारचा इन्व्हर्टर सुरू झाला की, त्याच्या ओबडधोबड लहरींवर पंखा आणि चार्जर दोन्ही कण्हू लागतात.

असा शोध त्या घरात एका रविवारी दुपारी चालतो. संशय असतो राऊटरवर, कारण तो रात्रंदिवस चालू असतो. पण घरघर उसळते ती उशाजवळच्या बोर्डापाशी, जेथे मूळ चार्जर हरवल्यावर घाईत आणलेला एक बदली चार्जर वर्षभर बसून आहे. बटण बंद होते आणि दोन्ही आवाज एकदम थांबतात. आजोबांना त्यांतला एकच थांबलेला कळतो. नातू मग आईच्या फोनवर आवाजाची वारंवारता दाखवणारे एक अ‍ॅप उघडतो, चार्जर पुन्हा चालू करतो आणि फोन त्याच्याजवळ धरतो. पडद्यावर एक हिरवी रेघ चार हजारांच्या थोडी पुढे सुळक्यासारखी उभी राहते. बटण बंद, रेघ नाहीशी. बटण चालू, रेघ हजर. "दिसला ना आजोबा रातकिडा?" आजोबा चष्मा लावून ती रेघ बराच वेळ पाहतात. "इतका मोठा आवाज आहे हा?" "मोठा नाही, पण येतो. सारखा येतो."

बदली चार्जरचे पुढे काय करावे, हे ठरवायला फार विचार लागत नाही. त्याला कापडात गुंडाळून, उशीखाली दाबून गप्प करण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. तो घातक आहे, कारण आवाजाबरोबर उष्णताही कोंडली जाते. उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीतही पडू नये. आतील कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकतो. नुसता बारीक सूर हे धोक्याचे लक्षण नव्हे, उत्तम चार्जरही कधी गुणगुणतात. तडतड, करपट वास, पिवळे पडलेले प्लास्टिक, हात लावला तर चटका, ही लक्षणे दिसली की बटण बंद करून तो कायमचा बाजूला करावा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावा. झोपताना आणि घराबाहेर जाताना बटण बंद करण्याचे खरे कारण हेच. बिलाची बचत हा किरकोळ भाग झाला.

नवा चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला. असा क्रमांक छापणे बनावट मालालाही अवघड नसते; म्हणून तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर टाकून कोणत्या उत्पादकाच्या नावे आहे, हे पडताळून घ्यावे. ही नोंदणी प्रामुख्याने आग आणि विजेचा धक्का यांपासूनच्या सुरक्षिततेची आहे, शांततेची हमी तिच्यात नाही. तरीही ज्याने सुरक्षिततेचे भाग जागच्या जागी बसवले, त्याने गाळणीही बसवलेली असण्याचा संभव अधिक. लॅपटॉपच्या किंवा संगणकाच्या पडद्याच्या केबलवर टोकाशी एक दंडगोलाकार फुगवटा असतो. त्याच्या आत फेराइटचा ठोकळा असतो आणि त्याचे काम केबलमधून पळणारा हा गोंगाट अडवणे. केबलवर चिमटीसारखे बसवायचे असे ठोकळे सुटेही मिळतात. रेडिओच्या बाबतीत सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर: संच बोर्डापासून दोन-तीन हात दूर, खिडकीशी ठेवावा.

एक खबरदारी मात्र या शोधाआधीच घ्यावी. वीज गेल्यावरही, किंवा उघड्या माळावर उभे असतानाही ज्याला बारीक शिट्टी ऐकू येत राहते, त्याच्या घरात रातकिडा नसतो. तो आवाज कानाचा स्वतःचा असतो आणि चार्जर बदलून जाणारा नसतो. कारखान्यांतून निवृत्त झालेल्या अनेकांना हा त्रास असतो आणि ते तो वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत.

आजोबांना तशी शिट्टी ऐकू येत नाही. तरीही त्या रविवारनंतर पंधरा दिवसांनी ते स्वतःहून कान तपासून घ्यायला जातात, सोबत नातू. बंद खोलीत कानांवर हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचे, अशी ती तपासणी असते. निकाल म्हणून हाती येतो तो एक आलेख. डावीकडच्या खालच्या सुरांवर रेषा बऱ्यापैकी सरळ चालते, दोन हजारांनंतर उतरू लागते आणि चार हजारांशी खोल दरीत कोसळून आठ हजारांपाशी थोडी वर येते. डॉक्टर विचारतात, "कारखान्यात होता का? कुठल्या खात्यात?" नातू तोवर आलेख उलटासुलटा करून पाहत असतो. त्याच्या फोनवरच्या रेघेचा सुळका जेथे उभा होता, तेथेच आजोबांच्या कागदावर खड्डा आहे, हे त्याच्या लक्षात आलेले असते.

घरी आता रात्री बोर्ड शांत असतो आणि सकाळी ५५८ वर बातम्या स्पष्ट लागतात. फक्त संध्याकाळी सहानंतर जिन्यातला सामाईक दिवा लागला की, रेडिओत एक वेगळी, बारीक कुरकुर सुरू होते. तो बल्ब कोणी बदलायचा, हे सोसायटीच्या पुढच्या बैठकीत ठरायचे आहे.